तिसाव्या दिवशी अभिनंदन

माझ्या लग्नात सर आले ते सरळ पहिल्या पंगतीला बसले. कढीत बुडवून सहा वडे खाल्ले, हात धुतले आणि आमच्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या सासऱ्यांनी मोठ्या हौसेने म्हटलं, "साहेब, पोरांले आशीर्वाद द्या." सरांनी चष्मा काढला, खादीच्या बुशशर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बघू." आणि छत्री उचलून निघून गेले.

मांडवात कुजबुज झाली ती झालीच. माझी एक आतेसासू तर पुढे चार दिवस विचारत होती की या माणसाला मुलाकडचं काही ठाऊक आहे की मुलीकडचं. मी काय सांगणार? बरोबर तिसाव्या दिवशी भर दुपारी सर सायकल मारत आमच्या वर्ध्याच्या घरी आले. हँडलला कापडात गुंडाळलेला स्टीलचा डबा अडकवलेला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि दारातूनच म्हणाले, "आता अभिनंदन." पाणीही न पिता गेले. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "हे कोन होते वं, महिन्यानं आले?" मी म्हटलं, "आमचे सर." त्यावर त्यांनी हसून मान हलवली. वर्ध्यात सरांना ओळखणारे लोक बहुतेक तशीच मान हलवायचे.

सरांचं कुठल्याच बाबतीत तीस दिवस झाल्याशिवाय काही म्हणणं नसे. ताप उतरला, तीस दिवस. पोरगा पास झाला, कॉलेजात टिकतो का बघू, तीस दिवस. नवीन पंखा बसवला आणि कुणी म्हटलं, छान चालतो हो, तर सर पंख्याकडे संशयाने बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंब काढायचे. कुणी "कसं काय सर, बरे आहात ना?" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "अजून सांगता येत नाही." लोकांना वाटायचं, माणूस आजारी आहे.

या खुळाचं मूळ सरांच्या कामात होतं. सरांचं काम सर्रा नावाच्या रोगावर. हा गुराढोरांचा रोग, बैलांचा, घोड्यांचा, उंटांचा. गोमाशी एका जनावराला चावते, मग दुसऱ्याला, आणि रक्तातून एक बारीक शेपटीचा जीव पोचवते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तांबड्या पेशींच्या गर्दीत मासोळीसारखा वळवळताना दिसतो. बैल तापतो, वाळतो, डोळ्यांतून पाणी गाळतो, कधी जागच्या जागी गोल फिरत राहतो आणि एक दिवस बसतो तो उठत नाही. माणसाला हा रोग होत नाही, म्हणून त्यावर काम करणाऱ्यालाही फारसा मान नव्हता. आमच्या कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक सरांना पाठीमागे "बैलोबा" म्हणत. सरांना ते माहीत होतं. बैलाचं नाव लागल्याचं त्यांना वाईट वाटत असावं असं मला कधी दिसलं नाही.

मी त्यांच्याकडे लागले ते सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा. सेलूची मी, बी.एस्सी. झालेली, रोज एस.टी.ने ये-जा करायची. कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडे, दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा होती. एकीत सर, मी आणि सूक्ष्मदर्शक. दुसरीत पांढरे उंदीर आणि उकंडरावजी. सरांच्या खोलीसाठी आलेला कूलर सरांनी पहिल्याच उन्हाळ्यात उंदरांच्या खोलीला बसवला होता. आम्ही दोघं मे महिन्यात खिडकीला ओली पोती लावून घाम पुसत बसायचो आणि उंदीर थंड हवेत झोपायचे.

सर उंदरांना अहो-जाहो करत. टोचण्याआधी उंदराला तळहातावर घेऊन म्हणायचे, "माफ करा हं." नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे, मनापासून. रक्तातल्या जंतूंना ते "मंडळी" म्हणत. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मागून विचारायचे, "मंडळी आली का?" जणू दारात टांगा थांबलाय. मला ते "बाई" म्हणत, माझं वय तेव्हा बावीस होतं तरी. पहिल्या दिवशी मला वाटलं, थट्टा करतात. तीस दिवसांनी कळलं की थट्टा त्यांना येतच नाही.

आता मंडळींचा एक मोठा तापदायक प्रकार होता. ती बाटलीत जगत नाहीत. त्यांना जिवंत रक्त लागतं, आणि ज्याच्या रक्तात ती शिरली तो उंदीर आठवड्यात मरतो. म्हणून दर चौथ्या-पाचव्या दिवशी आजारी उंदराचा एक थेंब काढून नव्या उंदराला टोचायचा. चुकला तो दिवस की वंश बुडाला. सरांनी अकरा वर्षं हा वंश असा हातोहात चालवत आणला होता. त्यापायी ते कधी पाच दिवसांच्या वर कुठे गेले नाहीत. मेहुण्याच्या लग्नाला अकोल्याला गेले ते पितळी डब्याला भोकं पाडून, त्यात दोन उंदीर घेऊन. जानोशात, म्हणजे वराकडच्यांच्या उतरण्याच्या घरी, वधूपक्षाकडच्या एका बाईंना वाटलं, वरपक्षाने लाडू आणलेत. त्यांनी झाकण उघडलं. पुढचं सरांच्या बायकोने मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, पण त्या लग्नानंतर माहेरच्यांनी सरांना दुसऱ्या कुठल्या कार्याला बोलावलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

तीस दिवसांची गोष्ट मला उकंडरावजींकडून कळली. उकंडरावजी केळझरचे, घरची शेती भावाकडे टाकून उंदीरखोली सांभाळायला आलेले. सरांपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे, डोक्याला कायम पांढरं फडकं. सर अल्लीपूरचे. तरुणपणी नवीन नवीन शिकून आले तेव्हा शेजारच्या घरचा बैल सर्ऱ्याने पडला. सरांनी नागपूरहून औषध आणून टोचलं. दोन दिवसांत रक्त साफ. बैल वैरण खायला लागला. सर म्हणाले, बरा झाला. आठ दिवसांनी शेजाऱ्याने बैल वखराला जुपला. विसाव्या दिवशी तो भर शेतात, वखराच्या तासातच बसला. मंडळी कुठेतरी दडून बसली होती, ती परत आली होती. शेजारी सरांच्या दारात आला, रागावला नाही, भांडला नाही.

"त्यानं इतकंच म्हनलं," उकंडरावजी सांगत होते, "का बाबू, तुनं म्हनलं बरा झाला, म्हून जुपला. बस. तवापासून सायेब कोनालेच बरा म्हनत नाई."

रक्त साफ दिसलं म्हणजे रोगी बरा झाला असं नाही. तीस दिवस दर दोन दिवसांनी थेंब काढायचा, आणि तिसाव्या दिवशीही काही सापडलं नाही तरच बरा म्हणायचं. आणि "नाही" असं लिहायचं तर शंभर फील्ड पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. स्लाईड जराशी सरकवली की डोळ्यासमोर नवा गोल येतो, त्या एका गोलाला आम्ही फील्ड म्हणायचो. एकही मंडळी दिसली तर तिथेच "आहे" लिहून मोकळं व्हायचं. काही नसेल तर मात्र मान मोडेस्तोवर शंभर गोल. हा सरांचा कायदा. मला सुरुवातीला वाटायचं, पन्नासात जे दिसलं नाही ते पुढच्या पन्नासात काय दिसणार आहे?

सरांच्या हाताशी दोन जुनी औषधं होती. दोन्ही एकेकटी दिली की मंडळी दडून परत यायची. सरांनी ती ठरावीक प्रमाणात एकत्र द्यायला सुरुवात केली होती. त्याला ते "जोडी" म्हणत. बैलाचा रोग, औषधही जोडीनेच ओढणार, असं त्यांचं म्हणणं. उंदरांवर जोडी चालत होती, पण वरच्या कमिटीने एक शंका काढली होती. तुम्ही रोग टोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी औषध देता. बैलवाला दुसऱ्या दिवशी येतो का? तो येतो बैल पडायला आल्यावर. शंका बिनतोड होती, सरांनाही मान्य होती. "हे झालं की तेच करायचं आहे," ते म्हणायचे. कमिटी नोव्हेंबरात येणार होती. बैलांवर जोडी वापरून पाहायची परवानगी मिळते की काम बंद होतं, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

ऑक्टोबरात शेवटचा प्रयोग मांडला. अठरा उंदरांना रोग टोचला. बारांना दुसऱ्या दिवशी जोडी. सहांना काहीच नाही. हे सहाही उंदीर एका आठवड्याच्या आत मरायला हवेत, म्हणजे रोग खरा होता हे सिद्ध होतं. तिसऱ्या दिवशी सहांच्या रक्तात मंडळी आली आहेत की नाही हे मी पाहायचं होतं.

तो तिसरा दिवस सोमवार होता. त्या संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. आईने सकाळीच बजावलं होतं, तीनची बस धरजो, तोंड धुवायले वेळ भेटला पाहिजे. मी एक नंबरचा उंदीर पाहिला, मंडळी होती. दोन नंबरचा पाहिला, होती. घड्याळात अडीच. तिसऱ्या दिवशी ती असतातच. अकरा वर्षं असतात. मी उरलेल्या चौघांच्या नावापुढे "आहे" लिहिलं, चारदा, वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं वाटावं म्हणून जरा हात बदलून, आणि पळत जाऊन बस पकडली. पाहुण्यांना मी पसंत पडले.

दुसरा दिवस अंगारकीचा. मी रजेवर होते, सर कॉलेजच्या कसल्याशा परीक्षेवर. उंदीरखोलीत उकंडरावजी एकटे.

सहाव्या दिवशी सकाळी सर पिंजऱ्यासमोर उभे होते. सहाच्या सहा उंदीर दाणे खात होते. एकाचंही अंग फुललेलं नव्हतं. सरांनी स्वतः सहांचं रक्त पाहिलं. दुपारपर्यंत पाहत होते. सहांतही काही नाही. ते स्टुलावरून उठले, पुन्हा बसले. मग मला म्हणाले, "बाई, तिसऱ्या दिवशी सहाही जणांत मंडळी होती ना?"

मी म्हटलं, "हो सर."

इतक्या सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

"मग गेली कुठे?" सर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वंश नासला, अकरा वर्षं गेली, असं त्यांना वाटलं असणार.

दारात उकंडरावजी उभे होते. फडकं काढून हातात घेतलेलं. "सायेब," ते म्हणाले, "म्या देल्लं."

"काय दिलं?"

"त्या सहाले. बाटलीत जोडी उरली होती. टोचून देल्ली. अंगारकी होती सायेब. दरसाली म्या केयझरच्या गनपतीले जाऊन उपास सोडतो. औंदा जाता नाई आलं. इथं बसलो त त्याचीच सहा वाहनं माह्या डोयासमोर मरून राह्यली. म्या घास कसा गियू?" अकरा वर्षं उंदीर धरून द्यायचे, टोचायचं कसं हे त्यांना आमच्याइतकंच येत होतं. "मले जे म्हनाचं ते म्हना. पन तायीच्या माथी नोका मारू."

मला वाटलं आता आभाळ कोसळतं. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "चौथ्या दिवशी दिलं?"

"हो."

"मंडळी भरगच्च असताना? आणि गेली? सहांतून?" आणि सर एकदम अल्लीपूरचे झाले. एरवी शुद्ध बोलणारा माणूस उकंडरावजींचे खांदे धरून ओरडत होता, "अबे उकंडराव, बैल पडल्यावरबी उठते ना मंग! कमिटीले हेच तं पाह्यजे होतं! तुले कयते का तू काय केलं?" उकंडरावजींना काही कळलं नव्हतं. ते "हो हो" करत रडत होते. मी कोपऱ्यात उभी होते, हातात वही. त्यातली चार "आहे" मला दिसत होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्या माणसाला मी तीन वर्षांत पहिल्यांदा आनंदात पाहत होते, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. खरं कारण एवढंच की मी भ्याले.

मग तीस दिवस. मी आयुष्यात इतका लांब महिना काढलेला नाही. दर दोन दिवसांनी अठरांचे थेंब, प्रत्येकाचे शंभर गोल. आता मी एकही फील्ड सोडत नव्हते, पण त्याचा काही उपयोग नव्हता. तिसाव्या दिवशी अठराच्या अठरा साफ निघाले. सरांनी उकंडरावजींचं नाव घालून अहवाल लिहायला घेतला: सहा उंदीर, रोग भरात असताना औषध, सहाही बरे. "बरे" हा शब्द त्यांनी किती दिवसांनी कागदावर लिहिला असेल.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी मी डबा खात होते. उकंडरावजी पिंजरे धूत होते. त्यांना मी उगीचच विचारलं, "उकंडरावजी, त्या दिवशी सांगून टाकलं तवा भेव नाई वाटला?"

"वाटला ना. पन सांगतल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या."

मी डबा बंद केला आणि सरांच्या टेबलाजवळ जाऊन सांगितलं. बस, पाहुणे, चार "आहे", सगळं. सांगताना मला रडू आलं नाही, ते बरंच झालं. सरांनी एवढंच विचारलं, "पाहिले ते दोन कोणते?"

"एक आणि दोन नंबर."

त्यांनी अहवाल पुढे ओढला. "सहा" खोडून "दोन" केलं. खाली लिहिलं: उरलेल्या चार उंदरांत रोग झाला होता की नाही हे पाहिले गेले नाही. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "जा बाई. तुमची बस चुकेल." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझ्या बसची काळजी होती. मला त्यांनी थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी कमिटीची तीन माणसं आली. भले लोक होते. त्यांनी अहवाल वाचला आणि मधल्या गृहस्थांनी विचारलं, "चारांचं का पाहिलं नाही? ते सहा असते तर आम्हाला काही म्हणायलाच जागा नव्हती. दोनावर बैलांची परवानगी कशी द्यायची?"

मी भिंतीशी उभी होते. सर म्हणाले, "माझ्याकडून पाहायचं राहिलं."

"आणि शिपाई औषध टोचतो, हे कसं काय?"

"ते शिपाई नाहीत. अकरा वर्षं माझ्याबरोबर आहेत," सर म्हणाले. "आणि त्यांनी दिल्याचं त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं."

पुन्हा प्रयोग मांडायला सरांनी वेळ मागितला. नवीन उंदीर वाढवायचे, मग रोग, मग तीस दिवस. पण सर मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागे हे काम धरायला कोणी तयार नव्हतं. पत्र डिसेंबरात आलं. मार्चनंतर काम बंद. ज्या महिन्यात पत्र आलं त्याच महिन्यात माझं लग्न झालं. सर आले, वडे खाल्ले, "बघू" म्हणाले, हे सांगितलंच आहे. मला वाटलं होतं ते येणार नाहीत.

लग्नाचं अभिनंदन मला तिसाव्या दिवशी मिळालं. माझं मात्र काही सांगता येत नव्हतं. पूर्वी वहीत माझ्या नोंदीखाली माझीच सही असे. मी कबूल केलं त्या दिवसापासून मी स्लाईड पाहून उठले की सर त्याच स्टुलावर बसायचे, पुन्हा पहिल्यापासून शंभर गोल पाहायचे आणि माझ्या सहीशेजारी आपली बारीक सही करायचे. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. मला दहा मिनिटं लागायची तिथे त्यांना पाऊण तास लागायचा. मी समोर बसून तो पाऊण तास बघत राहायची. असे तीस दिवस झाले, साठ झाले, नव्वद झाले.

मार्चच्या पहिल्या तारखेला वंशातली एकच उंदरीण उरली होती. बाकीचे पिंजरे रिकामे. पाचव्या दिवशी ती मेली की वंश संपला. मी तिच्या रक्तात मंडळी पाहिली, या वेळी खरोखर पाहिली, आणि सरांनीही पाहिली. सरांनी तिला तळहातावर घेतलं, "माफ करा हं" म्हणाले, आणि जोडी टोचली. उकंडरावजींनी दिली होती तशीच, रोग भरात असताना. कॅलेंडरवर टिंब काढलं. तिसावा दिवस मोजला तर तो सरांच्या निवृत्तीचा दिवस निघाला.

त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये शाल-श्रीफळ झालं, चार लोक चांगलं बोलले. सर शाल तशीच खांद्यावर टाकून प्रयोगशाळेत आले. अल्लीपूरची बस चारला होती. सामान घेऊन सरांच्या पत्नी आधीच स्टँडवर गेल्या होत्या. सरांनी स्वतः उंदरिणीच्या शेपटीतून थेंब काढला, स्लाईड केली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन मिनिटांनी मागे सरले.

"मला धुरकट दिसतंय. बाई, तुम्ही बघा."

मी बसले. ती साफ निघावी असं मला फार वाटत होतं. हा माणूस एकदा तरी "बरी" म्हणून इथून जावा. तिसाला काही नाही. पन्नासाला काही नाही. सर शाल सावरत दाराशी उभे. साठाला उकंडरावजींनी बाहेरून हाक मारली, "सायेब, बस लागली असंन. चाला." सत्तर. माझी मान भरून आली होती. मला माहीत होतं की मी आत्ता मान वर करून "नाही" म्हटलं असतं तर सरांना बस मिळाली असती, आणि बरी म्हणायलाही मिळालं असतं. ऐंशी. उकंडरावजी आत आले, "तायी, सायेबाची बस जाईन ना." मी म्हटलं, "जाऊ द्या." नव्वद. एक्क्याण्णवाव्या गोलात एका कोपऱ्यात दोन तांबड्या पेशी हलल्या. मी श्वास धरला. त्यांच्यामधून ते बारीक शेपूट वळवळत बाहेर आलं.

"सर," मी म्हटलं, "आहे. एक आहे."

मला रडायला येत होतं. मी स्टुलावरून उठले, नेहमीसारखी, त्यांनी पाहायला बसावं म्हणून. सर बसले नाहीत. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. "लिहा," म्हणाले. मी लिहिलं: तिसावा दिवस, एक्क्याण्णवावी फील्ड, आहे. खाली सही केली आणि त्यांच्यासाठी पेन पुढे केलं. सरांनी माझ्या हातातून पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि माझ्याच वहीवर ठेवलं.

"सर, तुमची बस चुकली," मी म्हटलं.

"सहाची आहे," सर म्हणाले. मग उंदरिणीला पुन्हा तळहातावर घेऊन त्यांनी जोडीचा दुसरा डोस दिला आणि म्हणाले, "दोनदा द्यावी लागते तर. आधी कळलं नव्हतं." ते हसत होते. सहाच्या बसने गेले.

मला कॉलेजच्याच रक्त तपासणीच्या विभागात घेतलं. उकंडरावजींनी उंदरिणीचा पिंजरा स्टोअरच्या खिडकीत ठेवला, कोणी विचारलं तर गणपतीची आहे म्हणायचे. मी दर दोन दिवसांनी काम सुटल्यावर शंभर गोल पाहत गेले. एप्रिलच्या शेवटाला तिसावा दिवस आला. शंभर पाहिले, काही नव्हतं. खात्रीसाठी आणखी शंभर पाहिले. अल्लीपूरच्या पत्त्यावर कार्ड टाकलं: "सर, तीस दिवस झाले. दोनशे फील्ड पाहिल्या. नाही."

उत्तर लगेच येईल असं मला वाटलं होतं. मे गेला, पण कार्ड आलं नाही. मी समजले की शेतीच्या कामात असतील, की डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल. कार्ड आलं ते मी माझं टाकल्यापासून बरोबर तिसाव्या दिवशी लिहिलेलं होतं, म्हणजे माझ्या हाती पडायला जून उजाडला. अक्षर मोठं, वाकडं, ज्याला नीट दिसत नाही अशा माणसाचं. दोनच ओळी होत्या.

"पत्र मिळाले. दोघीही बऱ्या झालात. अभिनंदन."